विज्ञानकथा आणि विज्ञानपट: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या घरी पुस्तकांचं एक कपाट आहे. त्यातली निम्म्याहून जास्त पुस्तकं विज्ञानकथांची आहेत आणि ती मी ओळखीपाळखीच्यांना वाचायला देतो. मग प्रश्न सुरू होतात. फोनवर, नव्या पेठेत गाठ पडल्यावर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढली जात असताना. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी प्राध्यापक नाही, समीक्षकही नाही. टॉवेल-चादरींच्या हिशेबाचं काम करतो. तेव्हा मतं सगळी माझी, पटली नाहीत तर सोडून द्या. दोन प्रश्न एकमेकांत शिरतात तिथे क्रमांक दिला आहे.

१. विज्ञानकथा म्हणजे नेमकं काय? अवकाशयान आणि एलियन असले की झालं का?

नाही झालं. अवकाशयान असूनही गोष्ट नुसती मारामारीची असू शकते. माझी कसोटी अगदी घरगुती आहे. समजा, कुणीतरी झोपच लागू न देणारी गोळी काढली. शास्त्रज्ञानं ती गिळली, रात्रभर ताजातवाना राहिला, टाळ्या वाजल्या. ही झाली बातमी. आता दुसऱ्या दिवशी काय? कारखानदार म्हणणार, तिसरी पाळी तुम्हीच करा की, झोप कुठं येतीय तुम्हाला? गोळी घेणाऱ्याचा पगार वाढणार, न घेणाऱ्याचं काम जाणार. गाद्या भरून देणाऱ्याचा धंदा बसणार. आणि गोळी घेतलेली आई रात्री तीन वाजता गाढ झोपलेल्या तान्ह्या पोराकडे बघत बसणार.

विज्ञानकथा इथून सुरू होते. मला शोधाचं फारसं कौतुक नाही, शोधानंतरचा दुसरा दिवस हवा असतो. खाली 'दुसरा दिवस' असं लिहिलंय ते या अर्थानं.

२. भुताची गोष्ट आणि विज्ञानकथा यात फरक काय? धारपांना कुठं ठेवायचं?

भुताच्या गोष्टीत भूत का आलं हे कळलं की निम्मी भीती जाते, म्हणून हुशार लेखक ते शेवटपर्यंत लांबवतो. विज्ञानकथेत कारण सांगावंच लागतं, आणि ते कळल्यावर भीती वाढायला हवी. नारायण धारप दोन्ही लिहायचे, त्यामुळे माझ्या कपाटात ते दोन फळ्यांवर आहेत. अनंत अंतरकरांच्या 'नवल' मासिकातही हे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारीच नांदले.

तशी ही भाऊबंदकी जुनीच. १८१५ मध्ये तंबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्याच्या राखेनं पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच झाला नाही. जिनिव्हाच्या तळ्याकाठी घरात अडकून पडलेल्या काही मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायची पैज लावली, आणि त्यातून मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' जन्माला आली. १८१८ साली छापली गेली. सुरुवात भुताची, शेवट विज्ञानकथेचा. आणि हो, फ्रँकेन्स्टाइन हे त्या राक्षसाचं नाव नव्हे, त्याला घडवणाऱ्याचं. हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल याचा हिशेब नाही.

३. मराठीत सुरुवात कुठून करू?

जयंत नारळीकरांपासून. त्यातही आधी कथा, कादंबऱ्या नंतर. 'यक्षांची देणगी' हा १९७९ चा संग्रह घ्या.

त्यांच्या पहिल्या कथेची गोष्टच एखाद्या कथेसारखी आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली, पण स्वतःच्या नावानं नाही. आद्याक्षरं उलटी करून नाव घेतलं नारायण विनायक जगताप. अक्षर ओळखीचं निघेल म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं! जगात नाव असलेला शास्त्रज्ञ वशिल्याची शंकासुद्धा नको म्हणून एवढा खटाटोप करतो, याचं मला त्या बक्षिसापेक्षा जास्त अप्रूप आहे.

एकच कथा वाचणार असाल तर 'गंगाधरपंतांचे पानिपत'. १७६१ च्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागलीच नाही तर? दुसरा कुणी असता तर पानंच्या पानं तलवारी खणखणल्या असत्या. इथे प्राध्यापक गंगाधरपंत पुण्याहून मुंबईला आगगाडीनं निघतात, आणि वाटेत सरहद्दीच्या स्टेशनावर परवाने तपासले जातात, कारण या जगात मुंबई अजून इंग्रजांकडे आहे. लढाई कोण जिंकलं ते तिकीट तपासणीतून कळतं. दुसरा दिवस म्हणतो तो हाच.

नारळीकरांची पात्रं कधीकधी फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलतात, हे मी त्यांचा भक्त असूनही कबूल करतो. २० मे २०२५ ला ते गेल्याचं कळलं, त्या रात्री पानिपतच पुन्हा वाचलं. पुढची पायरी म्हणजे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, शुभदा गोगटे आणि सुबोध जावडेकर. जावडेकरांकडे यंत्रापेक्षा माणसाचा मेंदू जास्त असतो, मला तेच जास्त भावतात. राजकारणाची आवड असेल तर अरुण साधूंची 'विप्लवा'. बरीच जुनी पुस्तकं दुकानात मिळत नाहीत. वाचनालयं पालथी घाला.

४. मी कॉमर्सची. सायन्स दहावीलाच सुटलं. डोक्यावरून जाईल ना?

चुलीवरच्या गोष्टी कळायला आचारी असावं लागत नाही. कळलं नाही ते पान उलटा. लेखकानं माणसं नीट रंगवली असतील तर कुठं काय बिघडलंय ते तुम्हाला बरोबर कळतं.

५. इंग्रजी जेमतेम येतं. हिंदी डब बघितला तर चालतो का?

चालतो की. मी पाहिलेला पहिला कालप्रवासाचा सिनेमा तेलुगू होता आणि मला तेलुगूचं अक्षर येत नव्हतं. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत राहायचो. शेजारच्या अक्का आपल्या पोरांसोबत मलाही 'आदित्य ३६९' बघायला घेऊन गेल्या. १९९१ चा सिनेमा. त्यात यंत्रात बसून माणसं आधी कृष्णदेवरायाच्या विजयनगरात जातात, मग थेट २५०४ सालात. अक्का अधूनमधून कानात मराठीत सांगायच्या, 'आता मागं गेले', 'आता लई पुढं गेले'. कालप्रवासाचं इतकं सोपं विवेचन मला नंतर कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही.

अपवाद एकच. गोष्टच भाषेवर उभी असेल तर मूळ आवाजात, खाली अक्षरं लावून बघा. उदाहरणार्थ 'अरायव्हल' (२०१६). परग्रहावरून आलेल्यांची लिपी शिकता शिकता नायिकेची काळाची जाणीवच बदलत जाते. तिथे डबिंग म्हणजे शेंगा चटणीतून शेंगाच काढून टाकल्यासारखं.

६. रोबोटच्या गोष्टी आणि सोलापूर यांचा संबंध आहे असं तुम्ही नेहमी म्हणता. ओढूनताणून नाही का हे?

अजिबात नाही. आपली सोलापुरी चादर ज्या जकार्ड मागावर विणतात, त्याच्या वर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत असते. पट्टीला छिद्रं पाडलेली. छिद्र असेल तिथे सुई आत जाते आणि तिचा धागा वर उचलला जातो. नसेल तिथे धागा खालीच राहतो. आहे किंवा नाही, दोनच उत्तरं. मोराचा पिसारा असो की कमळ, सगळी नक्षी त्या 'आहे-नाही'मध्ये लिहिलेली. लहानपणी मी बाद झालेल्या पट्ट्या आणून त्यातून उन्हाचे ठिपके भिंतीवर पाडायचो. आपण प्रोग्राम हातात धरलाय हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

जोसेफ जकार्डनं ही युक्ती १८०४ च्या सुमाराला फ्रान्समध्ये पक्की केली. ती बघून चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी छिद्रांच्या पट्ट्या घेतल्या, आणि १८४३ मध्ये एडा लव्हलेसनं लिहिलं की माग जशी फुलंपानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल. संगणकाचं आजोळ मागावर आहे, ते असं.

'रोबोट' या शब्दाकडेही बघा. कारेल चापेक या चेक नाटककारानं १९२० च्या नाटकात तो वापरला, सुचवला त्याच्या भावानं. मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठ. म्हणजे रोबोट हा पहिल्यापासून कामगारच, आणि नाटकात तो संपही करतो, त्याच्याही पुढे जातो. १८७७ पासून गिरणीच्या भोंग्यावर उठलेल्या गावाला ही गोष्ट परकी का वाटावी? आयझॅक आसिमोव्हनं १९४२ मध्ये रोबोटांसाठी तीन नियम घालून दिले आणि मग जन्मभर ते नियम कसे फसतात याच्याच गोष्टी लिहिल्या. आमच्या जॉबरला, म्हणजे मागांवरच्या मुकादमाला, हे वाचायला दिलं तर तो म्हणाला, 'नियम करणारा मागावर उभा राहिलेला दिसत नाही.'

७. आधी पुस्तक वाचू की आधी सिनेमा बघू?

गंमत डोळ्यांची असेल तर आधी सिनेमा, शब्दांची असेल तर आधी पुस्तक. '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) आधी बघाच. आर्थर क्लार्कची कादंबरी आणि दिग्दर्शक कुब्रिकचा सिनेमा बरोबरीनंच तयार झाले, पण कादंबरी सगळं समजावून सांगते आणि सिनेमा काहीच सांगत नाही. आधी गोंधळून घ्या, मग उत्तरं वाचा.

'ब्लेड रनर' (१९८२) मात्र उलट. फिलिप के. डिकच्या मूळ कादंबरीत खरे प्राणी जवळपास संपलेत, त्यामुळे खरा प्राणी पाळणं ही मोठी प्रतिष्ठा. नायकाच्या गच्चीवर विजेवर चालणारी मेंढी आहे, आणि शेजाऱ्याकडे खरी घोडी, तीही गाभण. दारात नवी बुलेट उभी करणारा शेजारी आठवा, म्हणजे नायकाची जळजळ कळेल. सिनेमानं हे बहुतेक सगळं सोडून दिलं. पाऊस आणि निऑनचे दिवे अप्रतिम आहेत, पण मला ती मेंढी हवी होती.

'सोलारिस'चा वाद मी मिटवू शकत नाही. लेमची कादंबरी १९६१ ची, तारकोव्हस्कीचा सिनेमा १९७२ चा, आणि लेमला तो आवडला नव्हता. मला दोन्ही आवडतात, पण उन्हाळ्यात दुपारी तो सिनेमा लावू नका. झोप लागेल.

८. सिनेमात विज्ञान चुकलेलं दिसलं की राग येत नाही का?

चुकीचे दोन प्रकार. अवकाशात हवा नाही म्हणजे आवाज नाही, तरी स्फोट धडाधड ऐकू येतात. ही मी माफ करतो. नाटकात राजवाडा पडद्यावर रंगवलेला असतो ते आपण चालवून घेतोच की. दुसरी चूक आपलाच नियम मोडण्याची. पहिल्या अर्ध्या तासात जे अशक्य म्हणून सांगितलं ते शेवटी नायकाला जमतं. तिथे मी उठतो.

'ज्युरासिक पार्क'चं घ्या. त्यात जुन्या डीएनएपासून डायनासोर पुन्हा जन्माला घालतात. डायनासोर जाऊन ६.६ कोटी वर्षं झाली. आजवर सापडलेला सर्वांत जुना डीएनए सुमारे २० लाख वर्षांचा आहे. म्हणजे पायाच कच्चा. पण पुढचं सगळं त्या पायाशी इमान राखून आहे. हिंदी डब १९९४ मध्ये आला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. आमच्या भिंतीपलीकडे चार यंत्रमाग चालायचे, त्यामुळे घरात तांब्यातलं पाणी दिवसभर थरथरत असायचं. आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. पडद्यावर मोटारीतल्या पेल्यातल्या पाण्यात वर्तुळं उठली. थेटर चिडीचूप. आणि माझा धाकटा भाऊ मोठ्यानं म्हणाला, 'माग चालू झाला वाटतं.' मागच्या रांगेतून हशा आणि एक टपली, दोन्ही एकदमच आले.

९. 'ड्यून' फार जाड आहे. नेट लावून वाचण्याएवढी आहे का?

इतरांचं माहीत नाही, सोलापूरकरानं वाचावी. वाळवंटी ग्रह, पाण्याचा थेंब नाही. माणसं घामसुद्धा वाया जाऊ देत नाहीत, अंगावरचा पोशाख तो गाळून पुन्हा प्यायला देतो. कुणासमोर थुंकणं म्हणजे अपमान नव्हे, मान, कारण तुम्ही आपलं पाणी त्याला दिलंत. मेलेल्यासाठी रडला तर लोक थक्क होऊन बघतात: यानं मृताला पाणी दिलं!

पुण्या-मुंबईच्या मित्रांना हे विचित्र वाटतं. आपल्याकडे चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, पाण्याच्या दिवशी माणूस लग्नाला जात नाही, आणि पाहुण्याच्या हातात भरलेला तांब्या देताना आजीची नजर पिंपाकडे जाते. हे जग आपण आतून ओळखतो. फ्रँक हर्बर्टला ही कल्पना अमेरिकेत ओरेगनच्या किनाऱ्यावर सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या बघून सुचली. वीसेक प्रकाशकांनी नाकारल्यावर १९६५ मध्ये छापली ती मोटारदुरुस्तीची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशकानं. पहिली शंभर पानं कडक भाकरीसारखी आहेत, भिजू द्यावी लागतात. २०२१ आणि २०२४ चे दोन्ही सिनेमे मिळून हे एकच पुस्तक होतं, हेही ध्यानात ठेवा.

१०. मग पुष्पक विमान विज्ञानकथा का नाही? आपल्याकडे तर हे आधीच होतं.

या प्रश्नावर मी दोन मित्र जवळजवळ गमावलेत. पुष्पक मनाच्या वेगानं जातं आणि कितीही माणसं बसली तरी एक जागा उरते. सुंदर कल्पना आहे. पण त्याला वंगण कोण घालायचं, मोडलं तर दुरुस्त कोण करायचं, असा प्रश्न त्या गोष्टीला पडत नाही, पडायची गरजही नाही. पुराणकथेला विज्ञानाच्या सर्टिफिकेटची गरज काय? उद्या कुणी लंकेतल्या वंगणवाल्याची कथा लिहिली, तर ती विज्ञानकथा. शिवाय आपल्या लेखकांनी उलट रस्ता धरलेलाच आहे: यक्ष, वामन, भस्मासूर ही सगळी नावं नारळीकरांच्या पुस्तकांवर दिसतील. '२८९८' सालात कल्की आणणारा २०२४ चा सिनेमा मात्र मला कुठल्याच फळीवर बसवता आलेला नाही.

११. सुपरहिरोचे सिनेमे यात धरायचे का?

बहुतेक नाही. 'मिस्टर इंडिया' (१९८७) थोडा जवळ येतो, कारण लाल उजेडात तो दिसतो हा एक नियम आहे आणि तो पाळलाय. बाकी कसोटी प्रश्न १ मध्ये आहे.

१२. विज्ञानकथा भविष्य सांगतात, हे खरं ना?

कधीमधी. आर्थर क्लार्कनं १९४५ मध्ये पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या उपग्रहांवरून जगभर प्रक्षेपण करता येईल असं मांडलं, पण तो लेख होता, कथा नव्हे. तीस वर्षांनी, १९७५-७६ मध्ये, अशाच एका उपग्रहावरून भारतातल्या २४०० खेड्यांत टीव्ही दिसला. त्यात शेजारच्या कर्नाटकातली गावंही होती.

चुका जास्त मजेदार असतात. 'ब्लेड रनर' घडतो नोव्हेंबर २०१९ मध्ये. मोटारी उडतात, माणसासारखे दिसणारे रोबोट फिरतात, आणि नायकाला फोन करायला बारमधल्या सार्वजनिक फोनपाशी जावं लागतं! खऱ्या नोव्हेंबर २०१९ मध्ये मी जुळे सोलापुरात शिडीवर चढून टाकीची तोटी बदलत होतो आणि खिशातला फोन वाजत होता.

१३. मुलांना काय दाखवू, काय वाचायला देऊ?

आठ-दहा वर्षांच्या पोरांना 'वॉल-ई' (२००८). सुरुवातीला बराच वेळ संवादच नाहीत, त्यामुळे भाषेची अडचण नाही. वाचायला भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न. 'एलियन' (१९७९) चुकूनही नको. माझ्या भाच्यानं चोरून पाहिला आणि आठवडाभर पोट धरून झोपला.

१४. मराठीत विज्ञानपट का होत नाहीत?

होतात, पण बोटावर मोजण्याइतके. सुजय डहाके यांचा 'फुंतरू' २०१६ मध्ये आला होता. लोक म्हणतात पैसा नाही. मला हे पटत नाही. 'प्रायमर' हा कालप्रवासाचा अमेरिकन सिनेमा २००४ मध्ये सुमारे ७००० डॉलरमध्ये झाला, बराचसा गॅरेजमध्ये. आरती कडव यांच्या हिंदी 'कार्गो'मध्ये एक राक्षस अवकाशयानात नोकरी करतो, मेलेल्यांना पुढच्या जन्मासाठी तयार करून पाठवतो, आणि ते ठिकाण एखाद्या कंटाळवाण्या सरकारी कचेरीसारखं दिसतं. एका खोलीत चार माणसं बोलत बसली तरी नाटक रंगवणारी आपली माणसं. त्यांना स्फोट कशाला हवेत? अडतंय ते पटकथेत.

१५. सोलापुरात घडणारी विज्ञानकथा तुम्हीच का लिहीत नाही?

लिहायला घेतली आहे, अडकली आहे. १५ जून २०२३ ला होटगी रस्त्यावरच्या साखर कारखान्याची चिमणी पाडली, विमानांना अडथळा नको म्हणून. आम्ही लांबच्या गच्चीवरून बघितलं. आधी ती झुकली, आवाज नंतर आला. धूळ बसल्यावर आकाशाचा तो तुकडा नुसताच मोकळा दिसायला लागला. दुसऱ्या दिवशी एक रिक्षावाले काका पत्ता सांगताना सवयीनं म्हणाले, 'चिमणीच्या अंगाला वळा', आणि मग दोघंही गप्प झालो.

माझ्या कथेत रस्ता दाखवणारे चष्मे आहेत आणि त्यांच्या नकाशात ती चिमणी अजून उभी आहे. कुणीतरी ती मुद्दाम पुसू देत नाहीये. कोण, हे मला दोन वर्षं झाली तरी ठरवता आलेलं नाही. साखर कामगार म्हटलं तर रडकी होते, विमानवाला म्हटलं तर खोटी. सुचलं तर कळवा.

१६. पुस्तक उसनं मिळेल का?

मिळेल. एका वेळी एकच, महिनाभर. जेवताना वाचू नका. 'यक्षांची देणगी'वर शेंगा चटणीच्या तेलाचा जो डाग आहे तो माझा नाही. पानावर पेननं लिहू नका, पेन्सिलीनं चालेल. एका कादंबरीच्या शेवटच्या पानावर कुणीतरी लिहिलं होतं, 'असा शेवट नको होता.' पुढच्या वाचकानं खाली लिहिलं, 'मग कसा?' त्याच्या खाली आता सात हस्ताक्षरं झालीत, त्यातलं एक तेलुगूत आहे आणि ते मला अजून कुणी वाचून दाखवलेलं नाही.

येण्याआधी फोन करा. पाण्याच्या दिवशी सकाळी येऊ नका.